अर्ध्या टाक्यावर

१

जुनी गाडी तीन वेळा बघितल्याशिवाय घ्यायची नाही, हा दादाचा नियम. पहिल्या दिवशी नुसती डोळ्यांनी बघायची, हात पाठीमागे बांधून. दुसरा दिवस कानांचा. हातांची पाळी तिसऱ्या दिवशी. "हात लबाड असतात," तो म्हणायचा. "एकदा लागले की 'आपलीच' म्हणून मोकळे होतात. मग डोळ्यांना गंज दिसत नाही."

त्याच्या धाकट्या बहिणीला, चिमटीला, हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा. चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी कुठल्याही सांदीकोपऱ्यात मावायची म्हणून पडलं आणि तिशी आली तरी निघालं नाही. भावाबहिणीचं मिळून एक गॅरेज होतं. इंजिन आणि पत्रा दादाकडे. जे जे म्हणून शिवायचं ते चिमटीकडे. गाद्या, दारांची अस्तरं, आणि क्वचित कधी आलाच तर उघड्या गाडीचा कापडी टप. हाताने टप शिवणारी शहरात ती एकटीच उरली होती. त्याचा तिला अभिमान होता आणि त्याहून जास्त राग. चांगली शिकलीसवरलेली माणसं पन्नास वर्षं टिकलेली शिवण उसवून प्लास्टिक चिकटवून घेतात आणि वर विचारतात, "हे सोपं पडतं ना?" अशा गिऱ्हाइकाला ती सरळ फाटक दाखवायची. मग दादा फाटकापर्यंत धावत जाऊन त्याला परत आणायचा.

वाट बघणं तिला मुळीच जमत नसे. घरात 'आलेच' आणि 'आलोच' हे शब्द बंद होते. वहिनी चुकून म्हणाली, "बस गं, आलेच मी," की चिमटी ताडकन विचारायची, "किती मिनिटांत?"

"अगं, दूध गॅसवर आहे. मी काय परदेशी चाललेय?"

चिमटीही हसायची, पण वहिनी परत दिसेपर्यंत खुर्चीच्या कडेलाच बसायची.

दुसरी एक खोड होती. टप लावलेल्या गाडीत ती पाऊल टाकत नसे. टप शिवणं हे खरं तर दोघांचं काम. एक जण बाहेर उभा राहून दाभण आत ढकलतो, दुसरा आत बसून तो ओढून घेतो आणि पुढच्या भोकातून पुन्हा बाहेर देतो. घे, दे. घे, दे. चिमटी मात्र वाकडी सुई घेऊन बाहेरून एकटीच शिवायची, दुप्पट वेळ लागला तरी. "आत जीव कोंडतो," म्हणायची, आणि विषय संपायचा.

दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात जन्म चालला होता. एक उघडी गाडी आपली म्हणून घ्यायची, शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवायची आणि घाई न करता पुन्हा उभी करायची, हे दोघांचं जुनं वेड. त्यासाठी गॅरेजमधला एक कोपरा रिकामा ठेवला होता. चार वर्षं तिथे वहिनीची सायकल उभी होती.

मंगळवारी सकाळी फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, शब्द सुटे सुटे.

"मी मास्तर होतो शाळेत. माझ्याकडे एक टपाची गाडी आहे. शेड पाडायचीय, मी मुलीकडे राहायला चाललोय. शनिवारी भंगारवाला येतो. कुणी उभी करणारं असेल तर त्याआधी बघावं, म्हणून फोन केला."

"आज दुपारी येते," चिमटी म्हणाली. दादाला विचारायला ती थांबली नाही.

२

शेड शाळेमागच्या गल्लीत होती. लाकडी फळ्यांची; फळ्यांच्या फटींतून दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत पडलेलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी कडी काढली, कारण एका हाताने ती सापडत नव्हती. त्यांचे हात कापत. मघाशी त्यांनी तिच्यासमोर चहाचा कप ठेवला तेव्हा बशीत कपापेक्षा जास्त चहा होता.

"बघा तुम्ही निवांत," ते म्हणाले आणि दारातल्या स्टुलावर बसले.

लांब नाकाची, दोन दारांची गाडी. एके काळी हिरवी असावी. एक दिवा गेलेला, त्यामुळे जरा डोळा मारल्यासारखी दिसत होती. चिमटीने हात पाठीमागे बांधले आणि फेरी सुरू केली. पत्रा खालून खाल्लेला, पण चॅसी सरळ. काचा शाबूत. क्रोम गेलेलं, पण सगळं जागच्या जागी. कुणी अर्धवट हात मारून ठेवलेला नाही, हे सगळ्यात चांगलं. सायकल हलवायला लागणार.

टप मात्र वर चढवलेला होता. सायीच्या रंगाचा जाड कॅनव्हास, कमानींवर ताणलेला. ती मागच्या बाजूला आली आणि थांबली.

मागच्या काचेवरून जी आडवी शिवण जाते तिचे टाके डावीकडे कललेले होते.

चिमटीला आईचा चेहरा आठवत नव्हता. ती चार वर्षांची असताना आई गेली: कामावर असताना मेण आणायला म्हणून बाहेर पडली आणि रस्त्यात ट्रकखाली सापडली, एवढंच घरात बोललं जाई. आईकडून चिमटीला तीनच गोष्टी मिळाल्या होत्या. गॅरेजच्या खिळ्याला टांगलेला कामाचा एप्रन. त्या एप्रनच्या खिशावरचा टाका, जो डावीकडे कलायचा, कारण आई डावखुरी. आणि एक नियम, मावशीच्या तोंडून ऐकलेला: अर्ध्या टाक्यावर उठायचं नाही. पाणी प्यायचं असो, दारात कुणी येवो, टाका पुरा करायचा आणि मग उठायचं.

शहरातल्या तीन जुन्या गाड्यांवर तिला हा टाका सापडला होता. तिन्ही मालकांना तिने दम भरला होता, की या शिवणीला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. ही चौथी. पण ही शिवण पुरी नव्हती. काचेच्या मध्यापर्यंत येऊन ती संपत होती आणि पुढे कापड उघडं लोंबत होतं. दोन वीत आणि चार बोटं, तिने नजरेनेच मोजलं. आणि जिथे शिवण संपली होती तिथे, कापडात अर्धा रुतून, गंजलेला दाभण.

आई अर्ध्या टाक्यावर उठली होती.

चिमटीचे हात पाठीमागे बांधलेले होते. ते कधी सुटले हे तिला कळलं नाही. तो अर्धा टाका तिला बघवेना, एवढंच. वाकड्या टांगलेल्या तसबिरीला माणूस जाता जाता हात लावतं, तसा तिने दाभणाच्या बुडाला अंगठा लावला आणि तो आत ढकलला.

इतक्या वर्षांचा गंज. कापडाने तो धरून ठेवायला हवा होता. तो लोण्यातून गेल्यासारखा गेला. आणि मग त्याच्यामागे लोंबणारा दोरा सर्रकन आत गेला, ताणला गेला आणि थांबला. अगदी टाका बसावा एवढाच.

वजन, तिने मनाशी म्हटलं. दाभण जड असतो. आत पडला, दोरा ओढला गेला.

डोळ्यांचा दिवस होता, तरी आत डोकावून बघायचं तेवढं राहून गेलं.

३

"हात लावलास," दादा म्हणाला. ती अजून काही बोललीही नव्हती.

"कशावरून?"

"अंगठ्याला गंज आहे. आणि तोंडावर लग्न ठरल्यासारखा उजेड आहे."

"ठरलंच समज," वहिनी डबा उघडत म्हणाली. "माझी सायकल कुठे ठेवायची तेवढं आधी सांगा. बायकोला काढाल बाहेर, पण गाडीला जागा द्याल."

चिमटीने चॅसीबद्दल सांगितलं, काचांबद्दल सांगितलं. दादा घास चघळत मान हलवत होता. मग ती म्हणाली, "आणि टप आईने शिवलाय."

दादाची मान थांबली.

"अर्धाच आहे. दाभण तसाच होता कापडात."

"कुठे आहे म्हणालीस ही गाडी?"

"शाळेमागच्या गल्लीत. एक मास्तर आहेत."

दादाने डब्याचं झाकण लावलं. डब्यात अर्धी पोळी होती. तो म्हणाला, "चॅसीचं काय सांगता येत नाही. वरून सरळ दिसते, आतून खाल्लेली असते. मला काही ही बरी वाटत नाही."

"बघितली पण नाहीस!"

"तुला सांगितलं ना, नको."

तो उठून एका स्कूटरखाली शिरला. त्या स्कूटरचं काम सकाळीच संपलं होतं.

४

बुधवारी ती एकटीच गेली. कानांचा दिवस.

बॉनेट उघडलं, लावलं. बिजागऱ्या कुरकुरल्या, पण प्रामाणिकपणे. बॉनेटवर टिचक्या मारल्या, पत्रा खणखणीत बोलला. मग ती मागे आली.

दाभण बाहेर होता. कापडाच्या बाहेरच्या बाजूला, दोऱ्याला लोंबत, हलकेच झुलत. उघडं कापड दोन वीत उरलं होतं.

तिने वीत लावून मोजलं. नियमाचा आता चुरा झालाच होता. दोन वीत. एक बोटही जास्त नाही. मग कालची चार बोटं? काल नजरेने मोजलेलं, चुकलं असेल. हवेने कापड आक्रसतं. पण जुन्या शिवणीपुढे सात नवे टाके होते आणि हवा टाके घालत नाही.

ती वाकून बघत राहिली. दोरा तोच, त्याच रिळाचा, पिवळा पडलेला. आईच्या टाक्यांवर मेणाची झिलई होती. मेण लावलेला दोरा वर्षानुवर्षं गुळगुळीत राहतो. हे सात टाके कोरडे होते, दोरा पिंजारलेला. आणि वेडेवाकडे. एक लांब, एक आखूड, एक भलत्याच भोकातून. शिकाऊ हाताचे. कुणीतरी एकट्याने, एकाच बाजूने, दोघांचं काम करायचा प्रयत्न केल्यासारखे.

"मास्तर, टपाला कुणी हात लावला का काल?"

"मी?" मास्तरांनी दोन्ही हात समोर धरले. ते आपोआप थरथरत होते. "सुईत दोरा ओवायला मला शेजारच्यांना हाक मारावी लागते. आणि कडी मीच काढतो, तुमच्यासमोर."

"आधी कुणी शिवला होता हा?"

मास्तरांनी हात खाली घेतले. "एक बाई होत्या. डावखुऱ्या. फार सुरेख काम. गाडी हलत नव्हती म्हणून इथेच येऊन शिवत होत्या. एक दिवस दुपारी मेण संपलं. कोपऱ्यावरून घेऊन येते म्हणाल्या." त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे बघितलं, जिथे मोठा रस्ता लागतो. "त्यानंतर दुसऱ्या कुणाला टप द्यावासा वाटला नाही. अर्ध्या टपाची गाडी कुठे नेणार? राहिली मग. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, बायको गेली. गाडी राहिलीच."

म्हणजे हीच गल्ली. चिमटीने जीभ दाताखाली धरली. मग ती गाडीकडे परत गेली, कारण दिवस कानांचा होता आणि ते काम अजून झालं नव्हतं. तिने शिवणीशी कान लावला.

कॅनव्हास उन्हाने कोमट होता. आधी काहीच नाही. मग अगदी जवळून, कापडाच्या पलीकडून, नखाने कापड खाजवावं तसा बारीक आवाज. थांबला. पुन्हा आला, थोडा डावीकडे. भोक शोधणारं बोट असाच आवाज करतं; चिमटीला तो झोपेतही ओळखू आला असता.

उंदीर, ती म्हणाली. जुन्या गाडीत उंदीर असणारच.

तिने श्वास रोखला. आतला आवाजही थांबला. तिने श्वास सोडला आणि पलीकडेही, कानाच्या पाळीशी, कुणीतरी धीर धरून रोखलेला लहानसा श्वास सोडला.

तिने दाभण उचलला. ढकलावा की नाही, हे ठरायच्या आत तिने तो सोडून दिला आणि मास्तरांना "उद्या येते" न म्हणताच बाहेर पडली. कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याच्या कडेला ती बराच वेळ उभी होती. गाड्या जात होत्या, येत होत्या. तिला रस्ता ओलांडता येईना.

५

"सांग," गुरुवारी सकाळी ती दादाला म्हणाली. गॅरेजचं शटर अजून अर्धंच वर होतं. "तुला सगळं माहितीये. मी चार वर्षांची होते, तू दहाचा. आई टप शिवायला जायची तेव्हा आत कोण बसायचं?"

दादाने शटर तसंच सोडलं. खाली पाना पडला होता तो उचलून त्याने फडक्याने पुसायला घेतला.

"तू," तो म्हणाला. "तूच मावायचीस. तुझं कौतुक होतं आईला. म्हणायची, माझ्या आतल्या बाजूला हात आहेत."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी घरी माणसं जमली. रडारड. कुणाला काही सुचत नव्हतं. मावशीने दिवे लागायच्या वेळेला विचारलं, धाकटी कुठाय गं? तोवर कुणालाच..." पाना कधीच स्वच्छ झाला होता, तरी तो पुसत होता. "मी पळत गेलो. शेडचं दार उघडंच होतं. गाडीचं दार उघडलं, तर तू मागच्या सीटवर गुडघे टेकून बसलेलीस. हात वर, शिवणीला लावून. म्हटलं, चल. तर म्हणालीस, आई म्हणालीये, आत बस, हलू नको, मेण घेऊन आलेच."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

"मी तुला उचलून आणलं. तू रडली नाहीस, काही नाही. नंतर वर्षभर बोलली नाहीस. मावशी म्हणायची, 'अर्धीच पोर आणलीस रे घरी.' मला वाटायचं, वाळलीस म्हणून म्हणतेय. मी माझ्यातलं जेवण तुझ्या ताटात टाकायचो."

चिमटीला हसू आलं. "म्हणून मी जाड झाले."

"ही गाडी नको, चिमटे. शनिवारी जाऊ दे भंगारात. मी आयुष्यभर त्या गल्लीला वळसा घालून गेलोय. सुटलो म्हणेन."

"आणि ती?"

"कोण ती?"

चिमटीच्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याचा हातोडा होता. टप चढवलेला असताना, आत न बघता, वरून घातलेला. पत्रा दाबायच्या आधी कोण बघतं आत? कुणीही बघत नाही. हे कुणीतरी बघायला नको का?

ती तडक निघाली नाही, याचं दादाला नवल वाटलं. दिवसभर ती कामाच्या टेबलाशी बसून राहिली. संध्याकाळी तिने खिळ्यावरचा एप्रन काढला, झटकला आणि घडी करून पिशवीत ठेवला. मग खणातून मेणाचा गोळा काढला आणि तोही.

६

शुक्रवारी दुपारी दादा तिच्याबरोबर आला. "चॅसी बघायला," म्हणाला. शेडच्या दारात मात्र त्याचे पाय थांबले. मास्तरांनी त्याला आपलं स्टूल दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मास्तर हळूच म्हणाले, "तू तो मुलगा." दादाने मान हलवली.

चिमटीने आईचा एप्रन घातला. नाडी पोटावर नीट बसली. ती मागे आली.

दाभण तसाच लोंबत होता. शिवण काल-परवात पुढे सरकली नव्हती. तिने दाभण सोडून दिला होता ना; आत दिलाच नव्हता. त्यामुळे पलीकडचं कुणीतरी थांबून राहिलं होतं. वाट बघत.

तिने खिशातून मेण काढलं. कोरडा दोरा चिमटीत धरून गोळ्यावरून ओढला, एकदा, दोनदा. उन्हात मेणाचा वास पसरला.

आत कुणीतरी नाक ओढलं.

चिमटीची बुद्धी अजून शाबूत होती आणि ती सांगत होती, की उन्हाने कापड वाजतं, की तू दोन रात्री झोपलेली नाहीस, की आई आठवत नसलेली माणसं असलं काहीतरी ऐकतातच. ती म्हणाली, बरं. आणि दाभण डाव्या हातात घेतला. ती स्वतः उजव्या हाताची होती. पण आतल्या हातांना दाभण डावीकडून यायची सवय असणार.

ढकलला. घेतला गेला.

क्षणभर काही नाही. मग पुढच्या भोकातून दाभणाचं टोक बाहेर आलं. थोडं चुकलं, मागे गेलं, पुन्हा बरोबर आलं. तिने ओढून घेतला. टाका बसला, डावीकडे कललेला, मेणाने चकाकणारा.

घे. दे. घे. दे.

तिचे हात थांबेनात. दहाव्या टाक्यापर्यंत आतले हात चुकत होते. नंतर चुकेनासे झाले. दोघींची लय लागली. उघडं कापड दीड वीत झालं, एक वीत, चार बोटं. शेडच्या फटींतलं ऊन हळूहळू तिच्या खांद्यावरून खाली उतरत होतं. दारात दादा उभा राहिलेला तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. तो पुढे आला नाही.

शेवटी बोटभर फट राहिली. आतल्या अंधारातून दाभण धरलेलं बोट त्या फटीत आलं. लहान, मळकं, शिवताना बोटावर घालायचं मोठ्या माणसाचं अंगुस्तान सैल बसतं म्हणून त्याखाली चिंधी गुंडाळलेलं. शेजारच्या करंगळीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

चिमटीने स्वतःच्या करंगळीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती; ते नख आयुष्यभर तिच्या कपड्यांचे धागे ओढत आलं होतं.

"मेण मिळालं?" आतून विचारलं.

काय काय सांगता आलं असतं. मी ती नव्हे. ती कोपऱ्यावरच गेली. सव्वीस वर्षं झाली. उगाच बसलीस. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चिमटीने ओठ कापडाला लावले.

"मिळालं."

"दुकान लांब होतं?"

"हो गं. फारच लांब होतं."

"मी हलले नाही."

"माहितीये मला." तिने दोरा ओढला, मेण चोळलं, दाभण आत दिला, तो परत आला. फट मिटली. "माहितीये, बाळा. आता शेवटचा टाका. टाका पुरा करायचा..."

"...आणि मग उठायचं," आतून आलं, पाठ केल्यासारखं.

तिने गाठ मारली. दोरा दातांनी तोडला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, टप चढवलेल्या गाडीचं दार स्वतः उघडलं.

"झालं. ये बाहेर."

आत पिवळसर उजेड होता, कापडातून गाळून आलेला. मागच्या सीटवर धुळीत गुडघ्यांचे दोन खळगे होते. ती बघत असतानाच ते हळूहळू भरून वर आले, पहिला एक आणि मग दुसरा. मागच्या स्प्रिंगचे जुने पाटे कुरकुरले आणि गाडी एका बाजूने, कुणी हलकंसं उतरावं एवढी, वर उठली.

तिने हात खाली नेला. हाताला गार, मेणाने चिकट असं काहीतरी लागलं आणि तिथेच राहिलं.

७

"काय ठरलं मग?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी चिमटीच्या हाताकडे बघितलं नाही; बघायचं नाही असं ठरवलेल्या माणसासारखं बघितलं नाही.

"घेतली," चिमटी म्हणाली. "इंजिन, पत्रा, गाद्या, सगळं करू. टपाला कुणी हात लावायचा नाही."

"उघडी गाडी आणि टप उघडायचा नाही?" दादाचा आवाज घोगरा होता, तरी त्याने टोमणा मारून बघितला.

"उघडायचा की. तेवढ्यासाठीच तर शिवतात. उसवायचा नाही."

मास्तर शेडच्या दारातच थांबले. तिघं गल्लीच्या तोंडाशी आले. समोर मोठा रस्ता, नेहमीसारखा भरधाव. चिमटी कडेला थांबली. डावा हात तिने किंचित खाली, मांडीच्या उंचीला धरला होता, बोटं वळवून. आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं. रस्ता पूर्ण रिकामा होईपर्यंत ती थांबली. तिला थांबता येतं, हे दादाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग लहान लहान पावलं टाकत तिने रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या पायरीवर बसली. शेजारी जागा ठेवून.

दादाने ते बघितलं. तो तिच्या मागोमाग आला, डोकं खाजवलं, मागे शेडकडे बघितलं.

"ओढून न्यायला दोर लागेल," तो म्हणाला. "गॅरेजमधून घेऊन येतो. बस इथे, आलोच मी."

आणि त्याने जीभ चावली.

चिमटी काही बोलली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघून हसली. तिचे ओठ मिटलेले होते.

"किती मिनिटांत?"

दादा तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याची नजर सावकाश खाली आली, पायरीवरच्या रिकाम्या जागेवर. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. पण तो मोठा भाऊ होता आणि एकदा त्याने अर्धंच काम केलं होतं. तो गुडघ्यांवर वाकला, त्या जागेच्या उंचीला आला.

"दहा," तो म्हणाला. "दहाच मिनिटांत. मोज तू."

आणि तो धावत सुटला.